दगडातलं हाड सोडवताना

रामनगरच्या दगडात हाड सापडणार नाही. जीवाश्म सोडवायला शिकू पाहणाऱ्या इथल्या कुणालाही हे आधीच सांगून टाकायला हवं. जोयडा तालुक्यातल्या या गावाखालचे आणि भोवतालच्या डोंगरांतले जुने खडक धारवाडी काळातले आहेत, त्यांचं वय २५० कोटी वर्षांपलीकडे जातं. हाडं असलेले प्राणी पृथ्वीवर आले ते साधारण ५० कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे हे खडक तयार झाले तेव्हा हाड ही वस्तूच जगात नव्हती. सूक्ष्मजीव होते, पण मासा नव्हता, बेडूक नव्हता, साप नव्हता.

तरीही इथल्या ओढ्यात किंवा रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत एखादा दगड फोडला, की आत कधी कधी नेच्याच्या पानासारखी काळी, नाजूक नक्षी दिसते. पाहणारा हरखून जातो. ती बहुतेक वेळा मँगनीजच्या ऑक्साइडची असते. फटीत झिरपलेल्या पाण्यातून ते ऑक्साइड साचत गेलं आणि त्याला फांद्या फुटत गेल्या. भिंगाखाली धरलं की फरक कळतो. पानाला मधली शीर असते, कडा असते, थोडी तरी जाडी असते. ही नक्षी मात्र फक्त फटीच्या पृष्ठभागावर पसरलेली असते, शीर नाही, देठ नाही, आणि फट जिथे वळते तिथे नक्षीही वळते. हा फरक ज्याला सुईला हात लावण्याआधी दिसला, त्याचं शिक्षण सुरू झालं असं मी धरते. जीवाश्म सोडवण्याच्या कामात हाताला काम मिळण्याआधी डोळ्याला बरंच काम असतं.

हाडं सापडतात ती उत्तरेकडे. बेळगावच्या पुढे दख्खनचा काळा कातळ सुरू होतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत होते. दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांत गाळ बसला आणि गाळात गोगलगायी, मासे, बेडूक, झाडांची फळं अडकली. मुंबईतल्या वरळीच्या टेकडीतून अशाच गाळखडकातले इवलेसे बेडूक मिळाले. त्यांचं वर्णन १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी केलं आणि आज ते इंडोबॅट्राकस या नावाने ओळखले जातात. लाव्हाच्या खाली, नागपूर-चंद्रपूरपासून जबलपूर आणि गुजरातपर्यंत तुटक तुटक दिसणारा लॅमेटा नावाचा गाळखडक आहे. डायनासोरची हाडं आणि अंडी आहेत ती यात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या डोंगरगावातून १९८४ ते १९८६ या काळात सोहन लाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी एका प्रचंड शाकाहारी डायनासोरचा सांगाडा काढला. आज त्याला आयसीसॉरस म्हणतात.

मग रामनगरला बसून काय करायचं? हात तयार करायचे. ते कुठेही होतं.

काळी नदी या तालुक्यातून वाहत कारवारला समुद्राला मिळते. रामनगरच्या वस्तीत याच नदीवरच्या सुपा धरणाने उठवलेली कितीतरी घरं आहेत. नदीच्या मुखाशी मिळणाऱ्या तिसऱ्या इथल्या बाजारातही येतात. जेवण झाल्यावर उरलेले त्यांचे शिंपले, त्यातले काही फोडून, आणि कोंबडीच्या मानेचे दोन-चार मणके स्वच्छ उकळून वाळवून घ्यावेत. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बारीक वाळू मिसळावी. वाळू जास्त घातली तर गोळा ठिसूळ होतो, प्लास्टर जास्त घातलं तर टणक. शिंपले आणि मणके या मिश्रणात गाडून गोळा पुरता वाळू द्यावा. फक्त एक अट: गाडायचं काम दुसऱ्या कुणी करावं, घरातल्या आईने, भावाने, शेजारच्या काकूंनी. आत काय आहे, किती आहे, कुठे आहे, हे सोडवणाऱ्याला माहीत नसलं पाहिजे. ज्याला माहीत आहे तो त्या जागेपर्यंत खणत जातो, आणि खरा जीवाश्म कधीच असा पत्ता देत नाही.

हत्यारं साधी. पकडीत बसवलेली जाड पोलादी सुई, दातांच्या डॉक्टरकडची टाकून दिलेली कोरणी, मऊ ब्रश, हवा मारायचा रबरी फुगा, दहापट मोठं दाखवणारं भिंग. गोळा टेबलावर थेट ठेवायचा नाही. वाळू भरलेल्या कापडी पिशवीवर टेकवायचा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो आणि गोळा निसटत नाही. दिवा वरून नको, बाजूने, अगदी आडवा. आडव्या उजेडात खडक आणि हाड यांच्या पोतातला फरक सावल्यांमुळे उठून दिसतो. सुई हाडाच्या दिशेने कधीही रोखायची नाही. हाडाला समांतर धरून, बाहेरच्या बाजूला दगड खरवडत न्यायचा. उचकटायचं तर मुळीच नाही. मोठा तुकडा एका झटक्यात निघाला की समाधान वाटतं, पण त्या तुकड्याच्या खालच्या बाजूला हाडाची साल चिकटून आलेली असते.

सोपा नमुना कोणता, अवघड कोणता, हे इथेच समजू लागतं. सोप्या नमुन्यात हाड आणि दगड यांच्यामध्ये एक कमकुवत सीमा असते. पिकलेल्या फणसाचा गरा आठळीपासून जसा सुटतो तसा दगड हाडापासून सुटतो. अवघड नमुन्यात ही सीमाच नसते. चुन्याने किंवा सिलिकाने दगड इतका घट्ट झालेला असतो की तो हाडापेक्षा कठीण असतो, आणि सुई लावली की आधी हाड तुटतं. कधी दोघांचा रंग एकच असतो, पिवळट करडा, आणि कुठे दगड संपला हे फक्त चकाकीवरून किंवा सुईच्या टोकाला येणाऱ्या आवाजावरून ओळखावं लागतं. कधी हाड मुळात हजार तडे गेलेलं असतं आणि आजूबाजूच्या दगडानेच ते एकत्र धरून ठेवलेलं असतं. अशा हाडाभोवतीचा दगड काढणं म्हणजे त्याचा आधार काढणं. नवशिक्याच्या हाती बहुतेक वेळा असेच नमुने येतात, कारण सुबक नमुने अनुभवी माणसांकडे जातात. हे मला अन्यायाचं वाटत नाही. मात्र नवशिक्याने अवघड नमुन्यावर पूर्ण यश मिळवायचा हट्ट धरू नये. त्याने त्या नमुन्याला काही होऊ न देता तो पुढच्या माणसाकडे सोपवता यावा, एवढंच बघावं.

या विषयात सांगण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर मी हीच निवडेन: काढून टाकलेला दगड परत लावता येत नाही, आणि तो दगड कचरा नसतो. का नसतो, हे समजायला धोली डुंगरीचा नमुना पाहावा.

धोली डुंगरी हे गुजरातमधलं छोटं गाव. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना १९८४ साली तिथल्या लॅमेटा खडकात डायनासोरची अंडी आणि त्यांच्याबरोबर छोटी हाडं असलेला दगडाचा ठोकळा मिळाला. मोहबे यांनी पुढे नागपूरला राहून लॅमेटातली अंडी आणि घरटी यांवर वर्षानुवर्षं काम केलं. १९८७ साली त्यांनी ठोकळ्याचं वर्णन प्रसिद्ध केलं: अंडी, आणि अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू. तेवढंही मोठं होतं, कारण डायनासोरच्या पिल्लांची हाडं फार दुर्मीळ. ठोकळा जपून ठेवला गेला.

२००१ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी तो पाहिला. त्यांची नजर काही मणक्यांवर अडखळली. सापाच्या मणक्यांना एकमेकांत अडकणारे जादा खाच-खुंट्यांसारखे सांधे असतात, लांबलचक शरीर वळताना मणके निखळू नयेत म्हणून. ते सांधे त्या दगडात दिसत होते. पिल्लाच्या हाडांबरोबर तिथे साप होता. २००४ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि मिशिगन विद्यापीठ यांच्यात करार झाला आणि ठोकळ्यावरचं काम तिथल्या प्रयोगशाळेत सुरू झालं.

दगड हळूहळू कमी होत गेला तसं चित्र उलगडलं. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप एका फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, त्याचं डोकं वेटोळ्यावर टेकलेलं, आणि शेजारी अर्ध्या मीटरचं डायनासोरचं पिल्लू. जवळ आणखी दोन अंडी. पिल्लू अंड्यातून निघालं, साप तिथे आला, आणि वाळू-चिखलाचा लोंढा येऊन सगळे एकदम गाडले गेले. २०१० साली या सापाला सनाजेह इंडिकस हे नाव मिळालं. अजगरासारखा प्रचंड मोठा जबडा उघडणं त्याला जमत नव्हतं. म्हणून अख्खं अंडं गिळण्यापेक्षा नुकतं निघालेलं पिल्लू हेच त्याचं भक्ष्य असावं, असा अभ्यासकांचा निष्कर्ष.

आता हीच गोष्ट सोडवणाऱ्याच्या बाजूने पाहू. १९८७ साली कुणी उत्साहाने पिल्लाची हाडं एकेक करून स्वच्छ सुटी केली असती तर? पिल्लाचा सुंदर, निखळ सांगाडा मिळाला असता, पेटीत नीट क्रमाने लावून ठेवला असता, आणि त्यात सापाचे काही मणके पिल्लाचे म्हणून मिसळले असते. फुटलेल्या अंड्याची टरफलं भुशाबरोबर गेली असती. साप अंड्याभोवती होता, हे कधीच कळलं नसतं. वेटोळ्याची माहिती कुठल्याही एका हाडात नाही. ती हाडांच्या मधल्या अंतरांत आहे, आणि ती अंतरं दगडाने धरून ठेवलेली असतात. मोहबे यांनी ठोकळा अखंड राहू दिला, म्हणून सतरा वर्षांनी दुसऱ्या डोळ्यांना त्यात साप दिसू शकला. या क्षेत्रातलं हे मोठं काम आहे असं मला मनापासून वाटतं, आणि ते काही न करण्याचं काम आहे.

याच्या उलट दिशेची गोष्ट जम्मूतल्या कालाकोटची. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी तिथून सुमारे ४.८ कोटी वर्षं जुने दगड गोळा केले. त्यातल्या दात आणि जबड्याच्या तुकड्यांवरून १९७१ साली त्यांनी इंडोह्यस नावाच्या मांजराएवढ्या खुरवाल्या प्राण्याचं वर्णन केलं. बाकीचे दगड न सोडवताच राहिले. रंगा राव गेल्यानंतर त्यांच्या पत्नीने ते अमेरिकेतले संशोधक हान्स थेविसेन यांना दिले. प्रयोगशाळेत सोडवण्याचं काम चालू असताना तंत्रज्ञाच्या हातून एक कवटी तुटली आणि कानाचं हाड उघडं पडलं. त्या हाडाची आतली भिंत विलक्षण जाड होती. असा जाड कान तोपर्यंत फक्त देवमाशांमध्ये माहीत होता. २००७ साली नेचरमध्ये ते प्रसिद्ध झालं आणि देवमाशांच्या जमिनीवरच्या नातलगांमध्ये इंडोह्यसचं स्थान पक्कं झालं.

ही गोष्ट ऐकून नवशिक्याने तुटण्याला घाबरू नये, पण तोडायला मोकळीकही समजू नये. कवटी तुटली तेव्हा तंत्रज्ञाने तुटलेली कड फेकली नाही, तिथे काय दिसतं ते पाहिलं, हा त्यातला उपयोगाचा भाग. अवघड नमुन्यात काहीतरी तुटतंच. तुटल्यावर पहिलं काम थांबणं. तुटलेल्या कडांना बोट लावायचं नाही, गोंद लावायचा नाही, तुकडे एका डबीत ठेवायचे, फोटो घ्यायचा. मग दोन्ही कडा भिंगाखाली पाहायच्या. आतला पोत बाहेरून कधीच दिसला नसता.

गोंदाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण हाडांचं खरं नुकसान इथेच जास्त होतं. घराघरात मिळणारा झटपट चिकटणारा गोंद हाडावर लावला की तो तडे भरून काढतो, आणि नंतर निघता निघत नाही. संग्रहालयांत सहसा पॅरालॉइड बी-७२ नावाचं अॅक्रिलिक राळेसारखं द्रव्य वापरतात. ते अॅसिटोनमध्ये विरघळतं, आणि शंभर वर्षांनी कुणाला ते काढायचं झालं तर पुन्हा अॅसिटोननेच निघतं. आधी अगदी पातळ, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास करून थेंबाथेंबाने सोडायचं, म्हणजे ते तड्यांत आत शिरतं. पहिल्यापासून घट्ट लावलं तर वर चकचकीत पापुद्रा बसतो आणि हाड आतून तसंच ढिसूळ राहतं. अॅसिटोन पेट घेतो आणि त्याची वाफ डोक्यात जाते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि जवळ चूल, दिवा, उदबत्ती काही नको.

पाणी हे दुसरं धोक्याचं. धुतलं की स्वच्छ होतं, ही आपली घरातली सवय. पण गाळखडकात फुगणारी चिकणमाती असते. पाणी लागलं की ती फुगते आणि हाडाला आतून फाडते. काळ्या कापसाच्या जमिनीला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्याही याच जातीच्या मातीमुळे. दगडाचा छोटा, हाड नसलेला तुकडा पाण्यात टाकून एक दिवस पाहावं. तो फुटला नाही तरच धुण्याचा विचार.

आम्लाचा मोह सगळ्यांनाच होतो. अॅसेटिक आम्ल चुन्याचा दगड विरघळवतं आणि हाडाला, जे कॅल्शियम फॉस्फेटचं असतं, त्यामानाने कमी त्रास देतं. म्हणून चुनखडीतलं हाड सोडवताना प्रयोगशाळांत पातळ अॅसेटिक आम्ल वापरतात. पण शिंपला स्वतःच चुन्याचा असतो. तिसऱ्यांच्या सरावात व्हिनेगर ओतलं तर प्लास्टर राहील आणि शिंपला विरघळेल! हा एक प्रयोग प्रत्येकाने मुद्दाम करून पाहावा, एका फुटक्या शिंपल्यावर. आणखी एक गोष्ट: आम्लातून काढलेलं हाड स्वच्छ पाण्यात बराच काळ धुवावं लागतं. नाहीतर आत उरलेल्या क्षारांचे स्फटिक वाळताना वाढतात आणि आज अखंड दिसणारं हाड काही आठवड्यांत भुगा होतं. घातक आम्लांना, विशेषतः हायड्रोफ्लोरिक आम्लाला, नवशिक्याने घरी हात लावायचा नाही. ते कातडीतून आत जाऊन जीव घेऊ शकतं.

वनस्पतींच्या जीवाश्मांसाठी मात्र ते लागतं, आणि तिथे सोडवण्याची कल्पनाच वेगळी आहे. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलां इथे लाव्हाच्या थरांमधल्या चर्ट दगडात फळं, फुलं, बिया अडकल्या आहेत. सिलिकाने त्यांच्या पेशींच्या भिंतीसुद्धा जपल्या आहेत. बिरबल साहनी यांनी इथल्या एनिग्मोकार्पॉन या फळाचा अभ्यास केला. असं फळ दगडातून बाहेर काढताच येत नाही, कारण ते आणि दगड एकच झालेले असतात. मग दगड कापतात, गुळगुळीत घासतात, हायड्रोफ्लोरिक आम्लाने पृष्ठभाग जरासा खातात, म्हणजे पेशींच्या भिंती केसभर वर राहतात. त्यावर अॅसिटोन ओतून सेल्युलोज अॅसिटेटचा पातळ पापुद्रा चिकटवतात आणि सोलून काढतात. पेशी पापुद्र्यावर येतात. पुन्हा घासायचं, पुन्हा सोलायचं. एकामागोमाग एक पापुद्रे लावले की फळाची आतली रचना उलगडते, आणि फळ मात्र घासून संपत जातं.

चंद्रपूरजवळच्या पिसदुऱ्याच्या शेणगोट्यांचंही तसंच. डायनासोरच्या काळातली ही विष्ठा दगड होऊन शेतात पडलेली आहे. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि सहकाऱ्यांनी या गोट्यांतून गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण वेगळे केले. डायनासोर असतानाच गवत होतं, हे त्यातून सिद्ध झालं. त्यासाठी गोट्यांचा काही भाग रसायनांनी संपवावा लागला. म्हणून मी ‘नमुन्याला कधीच धक्का लावू नका’ असं म्हणत नाही. धक्का लावताना प्रश्न हातात असावा, आणि नमुन्याचा काही भाग पुढच्या प्रश्नासाठी शिल्लक असावा.

शरीराची काळजीही कामाचाच भाग. दगडाची पूड, विशेषतः वाळूच्या खडकाची, फुप्फुसात गेली की कायमची राहते. दगडफोड्यांना होणारा सिलिकोसिस हा आजार याच पुडीचा. घट्ट बसणारा एन-९५ मास्क, डोळ्यांवर चष्मा, आणि पूड झाडूने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपून घेणं. हवेच्या दाबावर चालणारी कोरणी किंवा सोड्याची फवारणी करणारं यंत्र पुढे कधी हाती आलं तर ते पुरती धूळ ओढून घेणाऱ्या पेटीतच चालवायचं. सुईवर हात बसल्याशिवाय यंत्राकडे जाऊ नये, कारण सुई चुकते तेव्हा ओरखडा उठतो आणि यंत्र चुकतं तेव्हा खड्डा पडतो.

रामनगरच्या भोवती वनखात्याचं राखीव जंगल आणि काळी व्याघ्र प्रकल्प आहे. तिथून दगड उचलून आणणं कायद्यात बसत नाही. वरोरा-पिसदुऱ्याच्या शेतात गेलात तरी शेतमालकाला विचारल्याशिवाय काही उचलायचं नाही, आणि हाड दिसलं तर आधी फोटो, जागेची नोंद, मग जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवणं.

तिसऱ्यांचा सराव करतानाही खऱ्या नमुन्यासारखंच कार्ड लिहावं. कार्डावर गोळा कुठून आला, कुणी दिला, काम कधी सुरू झालं, कोणत्या बाजूने सुरुवात केली, कोणती सुई, कोणता गोंद किती पातळ करून कुठे लावला, काय तुटलं, हे सगळं यावं. रोज काम थांबवताना एक फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. खरवडलेली पूड तारखेप्रमाणे वेगवेगळ्या पाकिटांत. पाकिटातली पूड नंतर चाळणीतून धुवून भिंगाखाली पसरली की त्यात शिंपल्याचा एखादा कण, मणक्याचा एखादा टोकदार काटा हमखास निघतो. कोणत्या दिवशी, गोळ्याच्या कोणत्या बाजूला काम चाललं होतं तेव्हा तो निसटला, हे कार्डावरून शोधायचं आणि त्या बाजूला सुईचा कोन बदलायचा.